आरशाच्या जागी

दार लोटून घे, इझाबेल, वारा येतोय. हं... तर माझा शेजारी प्लासिड. १९८१ साल, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी सायकलवर टांग मारून तो आगाशीला निघाला, जवसाचं तेल आणायला. दात काढू नका रे, डोक्याला लावायला नाही, तैलरंगात मिसळायला. अख्ख्या नंदाखालमध्ये हा उद्योग करणारा तो एकटाच खुळा. दिवसभर पोस्टात शिक्के मारायचे आणि रात्री ब्रश घेऊन बसायचं. चाळिशीतच पाठ वाकली होती बिचाऱ्याची.

हे खूळ बायकोपायी. रेजिना जाऊन तीन वर्षं झाली होती. लग्नाचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्लेला. मला म्हणायचा, "लुईस, तिचा आवाज आठवतो. नारळ सोलताना कोयता लागलेला अंगठा आठवतो, त्यावरची आडवी खूण आठवते. पण चेहरा निसटत चाललाय रे. पुरता जायच्या आत काढून ठेवायचाय."

आगाशीचे हरिश्चंद्र मास्तर त्याला शिकवत, तेलही तेच देत. एका परदेशी चित्रकाराने म्हातारपणी स्वतःचंच चित्र काढलेलं, जगात गाजलेलं. त्याचा छापील कागद मास्तरांनी याच्या हाती दिला. "आधी याची नक्कल कर. हा आरशात बघून रंगवतोय, म्हणजे तू त्याच्या आरशाच्या जागी उभा आहेस. त्याच्या डोळ्यांखालचा शिणवटा जमला, की मग बायकोचं चित्र घे." आठ महिने झाले तरी तो शिणवटा काही जमेना.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या दाराला कुलूप. प्लासिड हात हलवत परत आला. आणि मग आपल्या वाडीतल्या माणसालाच सुचेल असं करून बसला. घरातलं खोबरेल रंगात ओतलं! अरे, खोबरेल कधी वाळतं का? पण माणूस थकला की त्याचं डोकं चालत नाही, काय सांगायचं.

रात्री पावणेदोनला लाइट गेली. त्याने कंदील लावला. डोळ्यांखाली रंग दिला, पुसला, पुन्हा दिला. हात गळून गेले. उभ्या उभ्याच डुलकी लागली.

जाग आली ती वासाने. खोबरेलाचा वास. रंगातला नव्हे... केसांना चोपडलेल्या तेलाचा.

त्याने चित्राकडे पाहिलं.

म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता.

त्याच्या खांद्यावरून... मागे बघत होता.

"रेजिना?"

...

मानेवर श्वास. हळू. दमलेला.

काय विचारलंस, इझाबेल? वळला का?

नाही गं... नाही वळला.

ज्या चेहऱ्यासाठी तीन वर्षं जीव टाकला, तो वीतभर मागे. नुसती मान वळवायची होती. याने डोळे गच्च मिटून घेतले. प्रार्थनाही अर्धीच आठवली. कोंबडा आरवला तेव्हा कुठे मागे पाहिलं... कोणी नव्हतं.

सकाळी माझ्या ओट्यावर येऊन लहान पोरासारखा रडला. "भ्यालो रे लुईस. माझ्याच बायकोला भ्यालो." त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. रेजिनाचं चित्र राहिलं ते राहिलंच. दोन वर्षांमागे तोही गेला.

म्हाताऱ्याचं ते चित्र माझ्याकडे आहे. आज आठ वर्षं झाली, अजून ओलं आहे. ते खोबरेलामुळे, एवढं मलाही कळतं. मास्तर बघायला आले होते. वाकून अगदी जवळून पाहिलं. मग म्हणाले, "शिणवटा जमलाय... पण हे ब्रशचं काम नाही."

मी कंदील जवळ नेला.

म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्याखाली, पाणी टिपावं तसा, कोणीतरी अंगठा टेकवला होता. ठसा अगदी स्वच्छ. मधोमध आडवी खूण.