सरळ लाइनवरची वळणं

चाचणीच्या गाडीला तिकीट नव्हतं. उलट प्रत्येकाला अंड्याचं सँडविच आणि एक सफरचंद फुकट मिळणार होतं. नवी वेगवान लाइन लोकांसाठी उघडण्याआधी गाडीत माणसं भरून पाहतात, आणि अशा कामाला निवृत्त मंडळींइतकं हौशी कुणी नसतं. लंडनच्या यूस्टन स्टेशनवर आमच्या डब्यात बहुतेक पांढरी डोकीच होती. माझी बायको ऑड्री खिडकीशी बसली होती, मी तिच्या शेजारी.

आम्ही आलो होतो ते तिच्या हट्टामुळे. रुजली गावातलं आमचं घर विकायचं चाललं होतं. आमचं म्हणजे तिचं. जुन्या लाइनला लागून असलेलं ते घर तिच्या पहिल्या नवऱ्याने, ग्लिनने घेतलेलं. तो त्याच लाइनवरच्या गाड्या चालवायचा. काही वर्षांपूर्वी झोपेतच गेला. लग्न झाल्यापासून मी त्याच्या खुर्चीत बसत होतो आणि त्याने लावलेल्या झाडाची सफरचंदं खात होतो. वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरेरॉन गावात मी एक बैठं घर पाहून ठेवलं होतं. गाव निवडताना खरं तर एकच गोष्ट पाहिली होती : त्याच्या आसपास कुठेही रेल्वे नाही. ऑड्री सही करायचं टाळत होती. शेवटी म्हणाली, एकदा नव्या लाइनवरून जाऊन येते, मग बघू. ते ‘मग बघू’ मला टोचत राहिलं होतं.

लाइन नवी असली तरी गाडी जुनीच होती. नव्या गाड्या अजून कारखान्यात होत्या, म्हणून जुन्या लाइनवरच्या, वळणावर एका अंगाला कलणाऱ्या गाड्याच इथे चालवणार होते. त्यांचं कलणं मात्र बंद केलं होतं. नवी लाइन जवळजवळ सरळ. तिथे कलायचं कशासाठी?

गार्ड डेंझिल ऑड्रीच्या जुन्या ओळखीचा निघाला. त्याने तिला मिठी मारली, माझ्याकडे पाहिलं आणि डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “नवरा नवा, लाइन नवी, गाडी मात्र तीच जुनी. नशीब काढलंस हं ऑड्री.”

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

ऑड्री या गाड्यांत चहाची ट्रॉली ढकलायची. मी तेव्हा ग्रंथपाल होतो आणि दर गुरुवारी लंडनला जायचो. तिच्याशी दोन वाक्यं बोलायला मिळावीत म्हणून मी नको असलेला चहा घ्यायचो. वळण यायच्या जरा आधी ती ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाबायची आणि अंगाचा भार एका पायावर घ्यायची. मग डबा कलायचा आणि ती किटली धरून सरळ उभी असायची. एकदा मी धीर करून विचारलं, हे कसं जमतं? ती म्हणाली, पायांना लाइन पाठ असते. मग हसून पुढे म्हणाली, की ग्लिन चालवत असला तर तेवढंही करावं लागत नाही. आपण कुठल्या डब्यात उभ्या आहोत हे त्याला बरोबर कळतं. त्या संध्याकाळी मी ग्रंथालयातून रेल्वेवरचं एक जाड पुस्तक घरी नेलं. गाडी कलते ती यंत्राने, ड्रायव्हरचा त्यात हात नसतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते पान मी दोनदा वाचलं. समाधान काही झालं नाही.

गाडी बोगद्यांतून बाहेर पडली तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवी, उन्हातली शेतं होती. इतकी सरळ, इतकी गुळगुळीत चाल मी कधी अनुभवली नव्हती. आणि ऑड्री माझ्यापासून दूर, खिडकीकडे कलली. थोडीशीच. क्षणभराने पुन्हा सरळ झाली.

“लिन्स्लेड,” ती स्वतःशीच म्हणाली.

लिन्स्लेडचं वळण जुन्या लाइनवर. आम्ही होतो तिथून कितीतरी मैल पूर्वेला. सवय असेल, असं मी मनाला सांगितलं. थोड्या वेळाने ती पुन्हा कलली, या वेळी माझ्याकडे, आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, हे जुन्या लाइनवरचं वुल्व्हर्टनचं वळण.

मला वाटतं मी तर्काने वागायचा प्रयत्न करत होतो. ऊन लागतंय असं निमित्त काढून मी तिला मधल्या वाटेपलीकडच्या रांगेत बसवलं, गाडीच्या दिशेला पाठ करून, आणि तिच्या खिडकीवर पडदा ओढला. आता पायांचा गोंधळ उडेल, ती चुकीच्या बाजूला कलेल. ती सफरचंद खात बसली होती. खाता खाता कलली. बाजू बरोबर होती.

डेंझिल वाटेतून येत होता. त्याने नकळत त्याच बाजूच्या सीटच्या पाठीला हात टेकला, मग आपल्या हाताकडेच पाहत राहिला. मी विचारलं, कलणं नक्की बंद आहे ना? तो म्हणाला, प्रत्येक डब्याखाली कुलूप घातलंय, सकाळी स्वतः वाकून पाहिलंय. पण तो हळू बोलत होता.

“वीडन येतंय,” ऑड्री म्हणाली.

आकड्यांवर टांगलेले कोट भिंतीपासून सुटून तिरके लोंबायला लागले. सगळे एकदम, एकाच बाजूला.

 कुणाचं तरी सफरचंद फरशीवरून घरंगळत गेलं आणि ऑड्रीच्या बुटाशी थांबलं.

तिच्या रांगेतल्या खिडक्यांत नुसतं गवत दिसत होतं. माझ्या खिडकीत नुसतं आभाळ.

“हे वळण ग्लिन नेहमी हळू घ्यायचा,” ती म्हणाली, आणि गाडीचा वेग मंदावला.

मी उठलो. उतारावर उभं राहावं तसं उभं राहावं लागत होतं. मी वाटेपलीकडे हात लांबवून तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

“ग्लिन इथे नाहीये, ऑड्री.”

“मला माहीत आहे.”

“मग इकडे ये. माझ्या बाजूला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. ज्या चेहऱ्यासाठी मी इतका नको असलेला चहा प्यायलो होतो, तो चेहरा मला लग्नानंतर तेव्हा पहिल्यांदा दिसला.

“बस हंफ्री,” ती मायेने म्हणाली. “त्याला वळण घेऊ दे.”

क्रू स्टेशनला उतरल्यावर डेंझिलने एकेका डब्याखाली वाकून पाहिलं. कुलपं जागच्या जागी होती. ड्रायव्हर एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली की गाडी कललीही नाही आणि तिने कुठे वेगही कमी केला नाही. डेंझिल मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, मी काही झालं नाही असंच सांगणार आहे. तुम्हीही तसंच म्हणा. म्हातारपणी उगाच कशाला.”

ऑड्रीने त्याच आठवड्यात घराच्या कागदांवर सही केली. मी न विचारता. मला आपण जिंकल्यासारखं वाटलं. या वयात असं वाटणं शोभत नाही, पण वाटलं. ग्लिनची खुर्ची आम्ही तिथेच सोडून आलो. तिनेही मागे वळून पाहिलं नाही.

ॲबरेरॉनचं घर एका मजल्याचं आहे. स्वयंपाकघराला दगडी फरशी आहे. घर घेण्याआधी मी गवंड्याकडून तिची पातळी तपासून घेतली होती. खिडकीतून समुद्र दिसतो. आज सकाळी ऑड्री टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होती, गुणगुणत होती. मी खाली पडलेला अंड्याचा चमचा उचलायला वाकलो तेव्हा मला दिसलं, की तिच्या खुर्चीचे माझ्या बाजूचे दोन पाय फरशीपासून चार बोटं वर होते.

मी उठून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि अंगातला सगळा भार घालून खाली दाबलं. खुर्ची हलली नाही.

ऑड्रीने वर न पाहता माझ्या हातावर आपला हात ठेवला, थोपटला, आणि तो खुर्चीवरून अलगद बाजूला केला.