बिनरेषांचा अंगठा

लग्नाला अडीच महिने झाले होते आणि नवऱ्याबद्दल तिला एक गोष्ट पक्की कळली होती: या माणसाच्या हातात ब्रश दिला, तर तो त्याने फक्त दात घासेल. चित्रं तो बोटांनी काढायचा, तीही तेलरंगात. अंगठ्याने सावली, तर्जनीने उजेड, करंगळीने पापण्या. कामाला बसण्याआधी अंगठी काढून तिच्या हातात द्यायची, नखं मुळापर्यंत कापायची, कोपरापर्यंत मलम चोळायचं, हा नेम. मित्र त्याला बोट्या म्हणत. सासूबाई म्हणत, "लहानपणी भिंतीला शाई फासायचा तेव्हाच दोन धपाटे घालायला हवे होते. आज बँकेत असता."

तर त्या मंगळवारी सकाळी ती वरच्या खोलीत गेली ती फक्त रिकामे कप गोळा करायला. दोन कप खिडकीत, त्यातल्या एकात टर्पेंटाइन, एक स्टुलाखाली. चौथा कुठे गेला म्हणून वळली आणि तिची नजर कॅनव्हासवर गेली. चित्रातल्या बाईचा गाल काल होता त्याहून आत गेला होता. कोणीतरी तिथे अंगठा दाबला होता, हलकेच, गालफडाच्या हाडाखालून कानाकडे. आणि आश्चर्य म्हणजे गाल आता खरा वाटत होता.

हे चित्र गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या घड्याळजी आजोबांसाठी होतं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि आता दोन्ही डोळे गेले होते. शनिवारी मुलगी येऊन त्यांना कायमची आपल्या गावी नेणार होती. बायको जाऊन तीस वर्षं झाली होती. घर बदलताना फोटोंची पेटी गहाळ झालेली.

"डोळे गेले त्याचं मला काही नाही गं पोरी," ते तिला म्हणाले होते. "पण आतला चेहराही पुसत चाललाय. आधी भुवया गेल्या, मग नाक. आता फक्त बोटांना आठवतंय. तिची हनुवटी माझ्या अंगठ्यात अश्शी बसायची. तेही गेलं, तर मी त्या परक्या गावात कोणाशी बोलू?"

म्हणून त्यांना जाड रंगाचं, हाताने बघता येईल असं चित्र हवं होतं, शनिवारच्या आत. असा थर वाळायला निदान महिना लागतो. म्हणजे ओल्या चित्राला हात लावायची संधी एकदाच. चेहरा चुकला असला, तर तो चाचपडून मोडायचा आणि आजोबा मोडक्या मनाने गाडीत बसायचे.

आणि चेहरा चुकतच होता. समोर बसायला कोणी बाई हवी म्हणून बोट्याने बायकोला स्टुलावर बसवलं. आजोबा हवेत बोटं फिरवून सांगायचे, तो तसं दाबायचा, आणि शेवटी...

"तीनदा काढलं, तिन्ही वेळा तूच आलीस," तो वैतागून म्हणाला.

"मग काय शेजारीण यायला हवी होती?"

म्हणून त्या मंगळवारी तिने नवऱ्याला हाक मारली तेव्हा तिला वाटलं, तो खूश होईल. तो चित्राकडे बघतच राहिला.

"हे मी केलेलं नाही."

"अहो, झोपेत केलं असेल."

"झोपेत मी इतकं चांगलं काढत नाही."

त्याच्या बोलण्यात भीती कमी आणि मत्सर जास्त होता. त्याचा संशय आईवर, आईचा सुनेवर, आणि सुनेचा मनातल्या मनात दोघांवर. शेवटी तिनेच तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला, बशीत काळा रंग घेतला आणि सगळ्यांना अंगठे उठवायला लावले.

"माझा कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "घर तर आधीच तुझ्या नावावर केल्यासारखं वागतेस."

"आई, फक्त अंगठा द्या, घर नको."

तीन ठसे घेऊन तिघं वर गेले. बोट्याचा ठसा रुंद होता, सासूबाईंचा चिरांनी भरलेला, तिचा लहान. गालावरचा ठसा लांबट होता. तिने भिंग लावलं. दोनदा पुसून पुन्हा लावलं. त्या ठशाला रेषाच नव्हत्या. एकही नाही. चमच्याची पाठ लोण्यात दाबावी तसा तो गुळगुळीत होता.

मग सासूबाईंनी घसा साफ केला. "काम चांगलं करते आहे ना? मग करू दे की," म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. त्या 'करते' म्हणाल्या, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बुधवारी कपाळ बदललं. गुरुवारी सकाळी भुवया आल्या, जाड, मध्ये जवळजवळ जुळलेल्या. स्टुलावर बसणारीच्या भुवया तर विरळ. आजोबा रोज येऊन दारातूनच विचारायचे, "येतेय का?" आणि बोट्या कानाची पाळी खाजवत म्हणायचा, "येतेय, आजोबा. आपलीआपणच येतेय."

गुरुवारी दुपारी तो जवसाचं तेल आणायला बाहेर गेला. सासूबाईंचा डोळा लागला होता. ती वर जाऊन स्टुलावर बसली, चित्राकडे तोंड करून. मांडीवर शिवायला घेतलेलं बटण होतं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. असल्या उजेडात काय होणार, असं तिला वाटलं.

आधी वास आला. तेलाचा नाही. बंद कपाटात वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेल्या लोकरीचा. मग खोलीतला आवाज कमी झाला. म्हणजे खालची सायकल, पाखरं, सगळं होतं, पण कानात कापूस घातल्यासारखं दूर गेलं. आणि त्या शांततेत चित्रातून बारीक आवाज आला.

चिक्.

ओल्या रंगात बोट रुततं तसा. चित्रातल्या बाईच्या हनुवटीखाली एक खळगा पडत होता. बोट दिसत नव्हतं. फक्त रंग बाजूला सरत होता... सावकाश, कोणीतरी नीट विचार करून दाबल्यासारखा. मग तो खळगा जबड्यावरून वर निघाला. चिक्... चिक्...

तिच्या हातातली सुई बटणातून आरपार गेली ती थेट तिच्या बोटात. ती ओरडली नाही. आपण ओरडलो तर चेहरा अर्धाच राहील, एवढंच तिच्या डोक्यात आलं. शनिवार परवावर होता.

"सावकाश..." ती कशीबशी म्हणाली. "तिकडे कानापाशी... थर पातळ आहे. फाटेल."

खळगा थांबला. ऐकल्यासारखा. मग कानापाशी पोचल्यावर खरंच हलका झाला.

तिला हसू फुटलं. भीतीच्या पोटात आलेलं, वेडं, पण हसूच. या घरात तिचं पहिल्यांदाच कोणी इतकं मुकाट ऐकलं होतं.

"आजोबा वाट बघतायत," ती कुजबुजली. "तुम्ही... त्यांच्याच ना?"

बराच वेळ काही झालं नाही. मग चित्रातल्या ओठाचा एक कोपरा, फक्त एकच, वर ओढला गेला.

तिने तो होकार समजला. दुसरं कोणी असतं तरी हेच समजलं असतं. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, की आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण तेवढ्यात जिन्यावर नवऱ्याच्या चपला वाजल्या आणि खोलीत सायकली, पाखरं, सगळं परत आलं.

शनिवारी सकाळी दारात गाडी उभी राहिली. आजोबांची मुलगी सामान चढवत होती. तिने तिथूनच घाई लावली, "बाबा, पाच मिनिटं हं!" आजोबांना बोट्याने वर आणलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आले होते, पहिल्यांदा कोणाला भेटायला जावं तसे. बोट्याच्या बायकोने हात धरून त्यांना कॅनव्हाससमोर नेलं. बोट्याने श्वास रोखला. दारात उभ्या सासूबाईंनीही.

घड्याळजींची बोटं चित्राला टेकली. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा उचललेली बोटं. त्यांनी रंग जरासुद्धा मोडला नाही. कपाळ, भुवया, गाल. मग अंगठा हनुवटीखालच्या खळग्यात गेला आणि तिथे बसला. अगदी नेमका.

आजोबांचा चेहरा उजळत गेला.

"हीच," ते म्हणाले. "अहो, हीच की! कुठे होतीस इतके दिवस?"

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "धपाटे घातले नाहीत तेच बरं झालं." बोट्याने जन्मात पहिल्यांदा आईच्या तोंडून स्तुती ऐकली आणि रंगाच्या हातांनीच तिला मिठी मारली. चांगली साडी गेली. त्यावरून सासूबाईंची बोलणी जेवणापर्यंत चालली. चित्राला खोका चढवून ते मागच्या सीटवर उभं ठेवलं, आणि आजोबा पुढची जागा सोडून हट्टाने त्याच्या शेजारी जाऊन बसले. दिवसभर घर हसत होतं.

चार महिन्यांनी आजोबांच्या मुलीचा फोन आला. इकडे सुनेनेच उचलला.

"बाबा मजेत आहेत," मुलगी म्हणाली. "खातात, गप्पा मारतात. आधीपेक्षा बरे. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही." मग जरा थांबली. "एक विचारू? चित्रासाठी समोर कोण बसलं होतं?"

"मी. पण चेहरा आजोबांनी सांगितला तसा आहे... का हो?"

"मावशीकडे आईचा फोटो सापडला. आईचा चेहरा गोल होता. हनुवटी नव्हतीच म्हणा ना. भुवया तर अगदीच विरळ." पलीकडून दार लोटल्याचा आवाज आला. मुलगी हळू बोलायला लागली. "ही ती नाही. ही कोण, ते माहीत नाही. मी बाबांना सांगितलं, तर हसले. म्हणाले, तुला काय कळतंय, हाताला कळतं."

वरच्या खोलीत नवरा शीळ घालत काम करत होता.

"आणि आता मला विचारत पण नाहीत. रोज जिना उतरून एकटेच बागेत जातात. काठी घरातच. मी परवा ओरडले, बाबा, एकटे कुठे निघालात? तर म्हणाले, एकटा कुठाय?" मग अगदी साध्या, रोजच्या आवाजात म्हणाली, "बरं, ते असू दे. मी फोन केला तो वेगळ्याच कामाला. त्यांच्या शर्टांच्या बाहीवर, कोपराच्या वर, रोज डाग पडतोय. एका बाजूला चार बोटं, एका बाजूला अंगठा. चित्र तर केव्हाच खडखडीत वाळलंय. ओला तेलरंग कशाने निघतो हो?"

"आधी टर्पेंटाइन," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला. "मग साबण. आणि... घासू नका. नुसतं टिपा."