पुढचा वाफा

आबासाहेबांच्या खुब्याचं ऑपरेशन झकास झालं होतं, बिघडलं होतं ते डोकं. सावेडीतल्या त्या दवाखान्यात लेकीला, अश्विनीला, त्यांनी नुसता वात आणला होता. सलाईनची नळी उपटायची, ऑपरेशनचा पाय खाटेखाली सोडायचा आणि भिंतीकडं बघून ओरडायचं, "बन्सी, वाफा भरला. दार मोड."

पिकाला पाणी देताना एक वाफा भरला की मातीचं दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण बन्सीकाका, आबांचे धाकटे भाऊ, तिच्या जन्माआधीच विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले होते.

"आबा, हे शेत नाही, दवाखाना आहे," हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला.

"म्हातारपणी जागा बदलली, भूल दिली, की होतं असं," डॉक्टर म्हणाले. "चष्मा लावा, बोलत राहा. पण पुन्हा उठले तर हात बांधावे लागतील. खुबा निखळला तर चालणं विसरा."

बोलत राहा म्हणे. यांना सांगायला काय जातंय?

आबांचे बांधलेले हात तिला बघवले नसते. दुपारी ते पुन्हा उठायला लागले, तेव्हा ती वैतागून बन्सीच्या वतीनं ओ देऊन मोकळी झाली. "मोडलं दार. पडा आता."

आबांनी मान डोलावली. शेजारच्या खाटेकडं बोट केलं आणि डोळे मिटले. चहाच्या वेळी उठले ते एकदम लख्ख. "अश्विने, डेरीला दूध कोन घालतंय गं?" तिला रडूच कोसळलं.

दवाखाना लहान, बाया-पुरुषांना मिळून एकच खोली; शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडच्या लंकाबाई होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, जीभ तिखट, डोकं शाबूत. त्यांनी एकाएकी पाय पोटाशी घेतले.

"बाई, तुमचं पानी माज्या खाटंखाली कामून सोडलं?"

फरशी कोरडी ठणठणीत होती. आता यांचंही सुरू, म्हणून अश्विनीनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई नळी उपटत होत्या. "बन्सी, वाफा भरला. दार मोड." ऐकून ऐकून पाठ झालं असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण 'सी' लांब ओढायची ती ढब आबांची होती.

आबा उशाला टेकून ऐकत होते.

"त्या दिशी म्या लई हाका मारल्या त्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यानं ओ दिली न्हाई."

लंकाबाईंची सून दिपाली सकाळपासून एकटीच त्यांना आवरत होती, पार जेरीला आली होती. ओ देऊ नका, असं सांगायला अश्विनीनं तोंड उघडलं.

"मोडलं, आत्या," दिपाली करवादली. "मोडलं एकदाचं."

लंकाबाई शांत झाल्या. त्यांनी बोट केलं.

दोन खाटांच्या मध्ये, अश्विनीच्या स्टुलाकडं.

"सूनबाई, वाईच चहा सांग," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता.

डॉक्टर आले. आबांना नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर. उद्या घरी न्या, म्हणाले.

"ऐकलं का, अश्विने?" आबा हसले.

अश्विनी उठेना. तिनं सलवार गुडघ्यांपर्यंत वर ओढून धरली होती.