नजरेआड केलेले खेकडे

शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनात आमचा खेळ न अडकता चालायला हवा होता, म्हणून शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी आणि हेतल कंप्युटर लॅबमध्ये थांबलो. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मध्येच हँग झाला तर तुमचं टेबल दुसऱ्या गटाला देईन. मला चारचौघांत बोलता येत नाही. तो खेळ हेच माझं बोलणं होतं.

खेळ साधा. ब्राउझरमध्ये उघडायचा. पडद्यावर खाडीकाठच्या खाजणातला चिखल, चिखलात बिळं, बिळांतून खेकडे बाहेर येतात, क्लिक करून ते टोपलीत टाकायचे. खेकड्याचं चित्र म्हणजे मी काढलेला एक फोटो. माझी गुणाआत्या उरणला मोरा बंदराजवळ राहते आणि खेकडे विकते. तिच्या टोपलीतला तो सगळ्यात मोठा खेकडा होता. त्याच्या नांग्या तिने जुन्या जांभळ्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून बांधल्या होत्या. फोटो काढून झाल्यावर त्याच दुपारी आम्ही तो खाल्ला. मोठी नांगी मी दाताने फोडली तेव्हा आत्या म्हणाली, "बत्ता हाय ना घरात. पुढचा एक दात तुटकाच हाय, दुसरा पन घालव."

त्याच दिवशी टोपलीच्या तळाशी एक खेकडा दुसऱ्याचा पाय खाताना मला दिसला. ज्याचा पाय होता तो जिवंत होता आणि तोंडातून फेस काढत होता. मी तोंड फिरवलं.

"कोंडून ठेवला का असाच करतो," आत्या म्हणाली. "धरलास तर खा, नाय तर सोड. आन सोडताना सांगायचं त्याला, खाडीत जा. नाय सांगितलं तर तो सोडनाऱ्याचं घर धरतो. आमची आय एकेकाला सांगायची."

हेतलच्या घरी तिची आजी, बा, कांदासुद्धा येऊ देत नाही. तिने माझ्याबरोबर काम करायची एकच अट घातली होती. "तुझे खेकडे मरायचे नाहीत हं. बाला कळलं तर ती माझ्या हातचं पाणी पिणार नाही." म्हणून पकडलेला खेकडा मी मारत नव्हते, फक्त अदृश्य करत होते. हेतल खूश झाली. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. पंखा बंद होता. खेळ सुरू केला की पहिली काही मिनिटं छान चालायचा, मग खेकड्यांचे पाय अडखळायचे, सीपीयूचा पंखा घरघरायचा आणि पडदा थिजायचा. आधी मला आवाजाच्या फायलींचा संशय आला. त्या काढल्या. काही फरक पडला नाही. मग हेतल खेळत राहिली आणि मी बाजूला ब्राउझरची मेमरी दाखवणारी खिडकी उघडून बघत बसले. रेष चढत होती. एकदाही खाली येत नव्हती.

"प्रांजल," हेतल नाकाला रुमाल लावत म्हणाली, "तुझा डबा उघडा राहिलाय का? आज काय आणलं होतंस, सुकट?"

"बटाट्याची भाजी होती."

"मग हा वास कसला? तुमचं काही सांगता येत नाही बाई."

ती हसत म्हणाली, पण माझे कान तापले. आमच्या वर्गात कुठेही वास आला की मुली आधी माझ्याकडे बघतात. मी हळूच माझी बाही हुंगली. वास माझा नव्हता, पण होता मात्र खरा. मेलेला खेकडा उन्हात राहिला की येतो तसा, गोडसर आणि चिकट, घशात जाऊन बसणारा.

मी मेमरीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी आत काय काय आहे त्याची यादी, घेतला आणि चूक लगेच सापडली. पकडलेला एकही खेकडा गेलेला नव्हता. आम्हाला दिसत नसले तरी सगळे आत चालत होते, प्रत्येकाचा टायमर सुरू होता, प्रत्येक जण अजून क्लिकची वाट बघत होता. फक्त यादी फार लांब होती. हेतलने दिवसभर क्लिक केलं असतं तरी इतके झाले नसते.

"दाखव ना कुठे आहेत," हेतल म्हणाली.

मी कोडमधली त्यांना लपवणारी ओळ काढली.

चिखल दिसेनासा झाला. पडदाभर खेकडेच खेकडे, थरांवर थर, एकमेकांच्या पोटाखाली घुसणारे. आमच्याकडे चित्र एकच होतं, अख्ख्या खेकड्याचं. पण यांच्यातल्या कितीतरी जणांना पाय नव्हते. काहींची पाठ उघडी होती आणि आतला पिवळट गाळ हलत होता. आणि ते खात होते... सावकाश, एकमेकांचे डोळे देठापासून खुडून. पडद्याच्या खालच्या कडेला पांढरा फेस जमत होता.

"हे... हे तू काढलंस?" हेतलने विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं.

दारात शिपाई प्रभाकरकाका आले आणि तिथेच थबकले. "पोरींनो, काय सडवलंय इथे? पुसून जा, मला बंद करायचंय." नाक दाबून ते परत फिरले.

मी घाईघाईने ओळ लिहिली. पकडला की खेकडा खरोखर पुसायचा, टायमर थांबवायचा, यादीतून काढायचा. शिवाय आत साचलेले सगळे सोडायला एक बटण केलं. कीबोर्डवर बोटं ठेवताना बटणं ओलसर लागली. बोटांना लाळेसारखी तार सुटली, तेव्हा मी हात मागे घेतला.

"मी दाबते," हेतल म्हणाली. "पण हे मारणं नाही ना?"

"सोडणं आहे. दाबायच्या आधी म्हण, खाडीत जा."

"कंप्युटरला?"

"म्हण ना हेतल... आमच्यात म्हणतात."

"तुमच्यात म्हणतात," ती हसली आणि तिने बटण दाबलं.

पडदा मोकळा झाला. मेमरीची रेष तळाला आली. सीपीयूचा पंखा शांत झाला आणि त्याच क्षणी वासही गेला. मग मीच पुटपुटले, खाडीत जा. पण तोवर आत कोणी उरलं नव्हतं.

शनिवारी खेळ सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही अडकला नाही. परीक्षक आले तेव्हा हेतल बोलणार असं ठरलं होतं. ती बोलली नाही. डोळे सुजलेले, एक हात सतत खिशात. शेवटी मीच बोलले. मेमरी का भरत होती ते सगळं न अडखळता सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली, सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

ते पुढच्या टेबलाकडे गेल्यावर हेतल माझ्या कानाशी आली.

"रात्रभर मोरीच्या जाळीखाली खरवडल्यासारखं वाजत होतं. पप्पांनी प्लंबर बोलावला. पाइपात काही नाही म्हणाला... आणि हे माझ्या उशीखाली होतं."

तिने खिशातून रुमाल काढून टेबलाखाली उघडला. वास आला. आत एक नांगी होती, शिजून लाल झालेली, आतून स्वच्छ खाल्लेली. बुडाशी जांभळ्या काठाची चिंधी, आत्या मारते तशी गाठ.

मला ती हातात घ्यायची नव्हती. पण कवच जिथे फोडलं होतं तिथे दातांचे व्रण होते. ओळीने उमटलेले, आणि मध्ये एका तुटक्या दाताची फट.

मी जिभेने माझा दात चाचपला.

"प्रांजल," हेतल हळूच म्हणाली, "बाच्या उशीखाली पण एक नांगी आहे... अजून कच्ची."