शेवटच्याचा शब्द

शाळेचे कोट शिवून झाले होते आणि आजच पोचवायचे होते, म्हणून शिंपीण दुपारच्या बसने निघाली. गाठोडं मांडीवर, आणि शेजारी सासूबाई. त्यांना शहरातल्या डॉक्टरला गुडघे दाखवायचे होते. खाडीवरचा बांध ओलांडला की शहर. थंडीचे दिवस, बाहेर दाट धुकं. बस बांधावर आली तशी सासूबाईंनी खिडकीबाहेरच्या गाळाकडे बोट केलं.

"बघ, आलं तुझं माहेर. पळपुट्यांचं."

लग्न झाल्यापासून हा टोमणा शिंपीण ऐकत होती. तिने गाठोड्याची गाठ आवळली. टोमणा खराच होता.

माहेर म्हणजे ओळकरी. आता ही जमात औषधालाही सापडायची नाही, पण एके काळी या सगळ्या गाळावर तिचं राज्य होतं. बांध नव्हता तेव्हा पलीकडे जायचं तर ओळकऱ्यांचे पाय धरावे लागत. गाळाच्या पोटातून घट्ट जमिनीची एक नागमोडी वाट जायची, ती फक्त त्यांना ठाऊक. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून ते ओळीने चालत, आणि शहरातली बडी धेंडंही जोडे काखेत मारून त्या ओळीत मुकाट उभी राहत. मीठ, औषधं, नवऱ्या, प्रेतं, सगळं ओळीतूनच जाई. पलीकडची टेकडी त्यांची होती, आणि काय दिमाख होता त्या टेकडीचा! नियम एकच. सर्वांत मागचा "आहे" म्हणणार, तो शब्द एकेका तोंडून पुढे जाणार, आणि तो पोचल्याशिवाय वाटाड्या पाऊल उचलणार नाही. म्हणून त्यांचं माणूस कधी मागे राहिलं नाही.

त्याच नियमाने ते बुडाले. शहराने बांध घातला, ओळकऱ्यांची गरज संपली. मग शहराने टेकडी बळकावली, त्यांना अलीकडे हाकललं आणि बांधावर पहारा बसवला. एका संध्याकाळी सगळी जमात टेकडी परत घ्यायला गाळात उतरली. सर्वांत मागे होती शिंपिणीची पणजी, कडेवर तान्हं मूल घेऊन. पाणी चढायला लागलं तसा तिचा धीर सुटला. तिने खांद्यावरचा हात काढला आणि ती उलट्या पावली पळाली. मागून शब्द गेला नाही. वाटाड्या थांबला, सगळे थांबले. भरती गळ्याशी आली तरी एकानेही पाऊल उचललं नाही म्हणे.

बस कचकन थांबली.

"पुढे बांध खचलाय!" ड्रायव्हर ओरडला. त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मागेही बांधाला भगदाड पडून पाणी फेसाळत होतं. बस हळूहळू एका अंगाला कलू लागली. सगळे उतारू जीव मुठीत धरून खाली उतरले. कुठे जायचं, कुणालाच कळेना.

"हिला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "ही ओळकऱ्यांची आहे." या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"आई, मला नाही हो माहीत वाट..."

"तुला नसेल. तुझ्या पायांना असेल. चल, लाव ओळ."

तिने ओळ लावली. ड्रायव्हर म्हणाला, "मी शेवटी थांबतो."

"तू तरणाताठा, तुला पळता येतं," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी मी. मला पळायची सोयच नाही."

शिंपीण गाळात उतरली. गार पाणी पोटऱ्यांना लागलं. थोडं चालली आणि पायाखालची जमीन मऊ होऊन ओढू लागली. चारी बाजूंना नुसतं पांढरं. कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात भरला. ती थिजली. धुकं बाजूला सारावं तसा तिने हात पुढे केला...

हाताला खांदा लागला.

जन्मभर खांद्यांची मापं घेतलेला तो हात. त्याला लगेच कळलं, खांदा बाईचा आहे, हाडकुळा, बर्फासारखा गार. अंगावर जाडंभरडं ओलं कापड, आणि त्याला कुठेच शिवण नाही.

"कोण...?"

समोरची मान वळली नाही. शिंपिणीची पाचावर धारण बसली. हात काढावा, मागे फिरावं... आणि तेवढ्यात तिला उमगलं की ती पणजीने सोडलेल्या जागेवर उभी आहे.

तिने हात काढला नाही. उलट घट्ट रोवला.

"आई!" ती ओरडली. "शब्द द्या!"

"आहे!" सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "आहे," ड्रायव्हर म्हणाला. "आहे... आहे..." करत शब्द तिच्यापाशी आला. ती त्या गार कानाशी वाकली.

"आहे."

मग समोरून खोल, ओल्या गळ्यातून आलं, "आहे..." त्याच्या पुढे एका पोराचं. त्याच्या पुढे म्हाताऱ्याचं. शब्द धुक्यात लांब लांब जात राहिला, आणि पार टोकाला एकदम आरोळी उठली. अशी आरोळी की ऐकून अंगावर काटा यावा आणि छातीही फुगावी.

खांदा हलला. ओळ चालू लागली.

पाणी कमरेला लागलं, पण पायाखाली जमीन घट्ट होती. ओळ मधूनच थांबे, मागून शब्द येई, पुढे जाई, की पुन्हा पावलं पडत. ड्रायव्हरचे दात वाजत होते. शिंपीण रडत होती आणि हसतही होती, तिला तिच्या लोकांचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. शेवटी पायांना उतारावरचे दगड लागले, आणि हाताखालचा खांदा निसटून पुढे गेला.

सासूबाई सर्वांत शेवटी वर आल्या. त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "सगळे आणलेस गं," त्या म्हणाल्या. "सगळे."

टेकडीवरच्या फरसबंद रस्त्यावर चिखलाच्या अनवाणी पावलांचा सडा पडला होता. प्रत्येक घराच्या दारापर्यंत पावलं गेली होती, परत आलेलं एकही नव्हतं. सासूबाई थंडीने कुडकुडत होत्या, म्हणून शिंपिणीने पहिलंच दार ठोठावलं. दार जेमतेम फटीएवढं उघडलं. घरमालक भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभा होता. त्याने बाहेरच्या ओल्या माणसांकडे पाहिलं.

"अजून आहात...?" तो कुजबुजला. "आत आता उभं राहायलाही जागा नाही हो..."