वर बघायचं नाही

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फक्त तिचे पाय दिसले.

त्यात माझा काही इलाज नव्हता. लालबागच्या आमच्या मैदानात गोविंदा पथकाचा सराव चालू होता, चार थर लागले होते आणि मी सगळ्यात खाली, बेसला होतो. बेसच्या माणसाची मान वाकलेली असते. हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, डोळे जमिनीवर. आमचे प्रशिक्षक गुणाजीमामा पहिल्या दिवशीच सांगतात, "वर बघायचं नाही. वर आग लागली तरी बघायचं नाही."

तर मला दिसली एक जोडी चपला. निळ्या पट्ट्यांच्या. रिमझिम चालू होती, आणि अंगठ्यावर चिखलाचा एक ठिपका उडाला होता. मग वरून आवाज आला.

"एक्सक्यूज मी... मंडळाचं ऑफिस कुठाय?"

माझ्या खांद्यावर वैभव होता, त्याच्यावर आणखी दोघं. मी नुसतं "हं" केलं.

"हं म्हणजे कुठे?"

"मॅडम," मी जमिनीला सांगितलं, "हे सगळे उतरले की सांगतो."

"बरं. मी थांबते," ती म्हणाली. आणि खरंच थांबली. चपला हलल्या नाहीत. थर उतरले, मी मान वर केली, तेव्हा बाकीची ती दिसली. भिजलेले केस, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर असं काही, जणू तिने आत्ताच समुद्र पहिल्यांदा बघितला.

"हे तुम्ही रोज करता?" तिने विचारलं.

"कामावरून आल्यावर," मी म्हणालो. मी शिवडीला एका गोदामात सुपरवायझर होतो. अजून आहे.

तिचं नाव ऋग्वेदा. गिरगावची. घरात सगळे वकील, डॉक्टर, आणि ही स्पॅनिश शिकवणारी. त्या वर्षी आमच्या पथकाला स्पेनमधून आमंत्रण आलं होतं. तिकडेही माणसांचे मनोरे लावतात. तिथल्या त्या भागाची भाषा वेगळी आहे, पण स्पॅनिश सगळ्यांना येतं, म्हणून आम्हाला थोडं स्पॅनिश शिकवायला मंडळाने तिला बोलावलं होतं.

"ऋग्वेदा!" वैभव पहिल्याच दिवशी म्हणाला. "आयला, हाक मारायची तर आधी आंघोळ करायला लागेल."

"करत जा," ती शांतपणे म्हणाली. "क्लासला येताना तरी."

मंडळाचा हॉल हसून कोसळला. त्या दिवसापासून वैभव पावडर लावून यायला लागला.

नमस्कार, धन्यवाद, पाणी कुठे मिळेल, हे सगळं आम्ही पटापट शिकलो. अडलो ते भूतकाळावर. स्पॅनिशमध्ये दोन भूतकाळ आहेत. एक घडून गेलेल्या गोष्टीचा. आला, पडला, फुटली. झालं, संपलं. दुसरा चालू असलेल्या गोष्टीचा. पाऊस पडत होता, ढोल वाजत होते, आम्ही रोज यायचो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. ती फळ्यावर लिहायची, आम्ही माना डोलवायचो, आणि तोंड उघडलं की सगळा गोंधळ. पथकातला हितेंद्र म्हणाला, "काल माझे वडील जन्मत होते." तिने डोळे मिटून घेतले.

पुढच्या क्लासला तिने फळा भिंतीकडे फिरवून ठेवला.

"उठा. थर लावा. दोनच लावा, हॉल आहे."

आम्ही लावले. ती मधे येऊन उभी राहिली आणि खालच्यांना म्हणाली, "तुम्ही हलायचं नाही. तुमची वाक्यं लांब भूतकाळाची. पाऊस पडत होता, योविया. म्हणा."

"योविया," आम्ही खालून म्हणालो.

"आणि वैभव, तू चढ. तुझं वाक्य छोट्या भूतकाळाचं. चढलो, सुबी."

"सुबी!" वैभव माझ्या खांद्यावरून ओरडला.

"बघा," ती म्हणाली. "खाली जे चालू आहे त्याच्यावर वरचं घडतं. खालचं नसेल तर वरचा कशावर उभा राहील?"

मी जमिनीकडे बघत होतो. गोदामात माणूस रोज खोके उचलतो आणि एक दिवस कोणी येऊन सांगतं की त्या खोक्यांत दिवे आहेत, तसं वाटलं. मी इतकी वर्षं जिथे उभा होतो, ती जागा तिच्या भाषेत होती. त्या क्लासनंतर कोणी चुकलं नाही.

म्हणजे, मी सोडून.

तिने सगळ्यांना गेल्या वर्षीची हंडी सांगायला लावली. "ज्याने बघितली नाही अशा माणसाला सांगताय असं समजा." माझी पाळी आली. मी सांगितलं, ढोल वाजत होते. गर्दी होती. पाणी पडत होतं. माझे पाय दुखत होते. मी उभा होतो.

"छान. पण रघुवीर, काहीतरी घडू दे ना! सगळंच आपलं चालू. हंडी फुटली की नाही?"

"फुटली असेल."

"असेल म्हणजे?"

"मी बघितली नाही."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये.

"कधीच नाही?"

"बेसला असतो ना. शाळेत असल्यापासून. वर बघायचं नसतं."

"मग कळतं कसं?"

"दही येतं डोक्यावर." सगळे हसले. "आणि त्याच्या आधी वजन बदलतं. वरच्याने हंडीला हात घातला की सगळे एकदम श्वास धरतात. तो खांद्यात कळतो."

ती माझ्याकडे बघत होती... पहिल्या दिवशी मैदानात बघत होती तशीच.

त्यानंतर क्लास सुटला की मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला जाऊ लागलो. कोणी ठरवलं नव्हतं. भारतमाता सिनेमाच्या नाक्यापर्यंत जेमतेम दहा मिनिटं लागायची; आम्ही अर्धा तास लावायचो.

"आज दमलात," मी एकदा म्हणालो.

"कशावरून?"

"डावी चप्पल घासताय."

"तुम्ही माणसांच्या तोंडाकडे बघतच नाही का हो?"

"सवय नाही."

"मग लावून घ्या," ती म्हणाली, आणि समोरून बस येत होती तिकडे बघत राहिली. बस आली. गेली. ती चढली नाही. "दुसरी येईल," ती म्हणाली.

मला बोलायचं होतं. रोज ठरवायचो, आज बोलू. पण ती गिरगावची, शिकलेली. मी चाळीतला, गोदामातला. आणि दिवस संपत आले होते. पथक स्पेनला निघालं की क्लास संपणार होता, क्लास संपला की तिला लालबागला यायला कारण उरणार नव्हतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आणि आम्ही दोघं बसच्या नंबरांबद्दल बोलत होतो.

शेवटच्या सरावाला ती मैदानात आली आणि सरळ गुणाजीमामांसमोर उभी राहिली.

"मामा, मला एकदा वर जायचंय."

"खुळी की काय? पडलीस तर गिरगावात मी काय सांगू?"

"सांगा, ऐकलं नाही."

मामांनी आमच्याकडे बघितलं. वैभव म्हणाला, "मामा, तीनच थर लावू. वरच्या दोराचा पट्टा बांधू." मामा पुटपुटत राहिले, पण तिच्या कमरेला पट्टा त्यांनीच आवळला, हेल्मेट त्यांनीच घातलं. आजूबाजूला झेलायला अख्खं पथक उभं केलं.

आम्ही खांद्याला खांदा लावला. मी मान वाकवली, वैभव माझ्या खांद्यावर चढला. निळ्या चपला समोर आल्या, आणि ती त्यातून बाहेर पडली.

"सॉरी हं," ती माझ्या कानाजवळ म्हणाली, आणि तिचा पाय माझ्या खांद्यावर पडला.

माझ्या खांद्यावरून शेकडो माणसं वर गेली आहेत. हे वजन मी ओळखत नव्हतो. ती थरथरत होती. मग वैभवचे पाय स्थिर झाले, वर काहीतरी सरकलं... आणि मला तो श्वास कळला. सगळ्यांनी धरलेला. ती वर सरळ उभी राहिली होती.

"सलामी दे!" मामा ओरडले.

आणि मी वर बघितलं.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. शाळेपासून एकदाही न वळलेली मान आपोआप वळली. वैभवच्या पायांच्या फटीतून तिच्या चिखलाने माखलेल्या टाचा दिसल्या. त्यांच्या वर ती, दोन्ही हात आभाळात, आणि मागे संध्याकाळचं पिवळं झालेलं आभाळ. इतकं उंच मी कधी बघितलंच नव्हतं. पण माझा श्वास अडकला तो त्याने नाही. वरच्याने समोर बघायचं असतं, हा पण नियम आहे. आणि ती हात वर करून, सगळं सोडून, खाली बघत होती. माझ्याकडे.

माझी मान वर गेली तसा खांदा कलला. वैभव घसरला. पुढच्या क्षणी आम्ही सगळे एकमेकांवर होतो आणि ती पट्ट्याला लोंबकळत, झेलणाऱ्यांच्या हातांत अलगद आली. कोणाला खरचटलंही नाही.

मामांचा पारा चढला आणि ते मालवणीवर आले. "ह्या काय चाललाहा? बेस वर बघता, वरचो खाली बघता! पथक हा की लग्नाचो मांडव?"

मग वैभव चिखलात पडल्या पडल्या ढोलासारखा हसायला लागला. मग सगळे. वीस-पंचवीस माणसांना एकदम कळलं. जे मला बसस्टॉपवर सांगता येत नव्हतं, ते अख्ख्या मैदानाला सांगून झालं होतं.

ती माझ्यासमोर आली. हेल्मेट तिरकं, गालावर माती.

"काय झालं? सांगा. स्पॅनिशमध्ये."

"मिरे," म्हणालो. मी बघितलं.

"आत्ता कुठे काहीतरी घडलं," ती हळूच म्हणाली.

"आणि तुम्ही?"

तिने खाली, स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "मी... मिराबा." मी बघत होते. "कधीपासूनची."

स्पेनमध्ये आम्ही काय केलं ते पथकाच्या लोकांना विचारा. मला तिकडची एक गोष्ट चांगली आठवते, मी रोज संध्याकाळी तिला फोन करायचो. आमच्या लग्नात तिच्या आत्याने विचारलं, "जावई काय करतात?" ही म्हणाली, "माणसं खांद्यावर घेऊन उभे राहतात."

मी बेस सोडला नाही. ती दर वर्षी रस्त्याच्या कडेला उभी राहून हंडी बघायची, आणि घरी आल्यावर मी पाय बादलीत घालून बसलो की मला सांगायची. स्पॅनिशमध्ये, सावकाश. ढोल वाजत होते. योविया. वैभवचा पाय सटकत होता, पण त्याने सावरलं. आणि मग... ती थांबायची, माझा श्वास अडकेपर्यंत थांबायची... "से रोम्पिओ." फुटली. माझ्या सगळ्या हंड्या मी अशा बघितल्या.

शेवटच्या आजारात तिचे पाय खूप सुजायचे. मी ते मांडीवर घेऊन बसायचो. तिला जाऊन दोन पावसाळे झाले, हा तिसरा. ते दोन्ही पावसाळे मी बेसला उभा राहिलो, दही डोक्यावर आलं, आणि काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही.

यंदा पथकाला पुन्हा स्पेनचं बोलावणं आलंय. गुणाजीमामा आता थकलेत. ते म्हणाले, "रघू, पोरांना ते दोन भूतकाळ तूच शिकव. तुका ते पाठ आसत." मी फळा भिंतीकडे फिरवला आणि थर लावले. पोरांना पहिल्याच दिवशी कळलं. तिची पद्धत आहे, माझं काही नाही.

आणि यंदा मामांनी मला बेसमधून काढलं. वय झालं. मी आता बाहेरच्या कड्यात असतो, झेलणाऱ्यांत. तिथे हात वर आणि नजर वर ठेवायची, हेच काम.

हंडीनंतरच्या क्लासला मी पोरांना तिचाच अभ्यास दिला. ज्याने बघितली नाही, त्याला सांगा. सगळ्यांनी सांगून झाल्यावर सगळ्यात वर चढणारी मनवा म्हणाली, "सर, आता तुम्ही. तुम्ही कोणाला सांगणार?"

मी खिडकीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. ढोल वाजत होते. योविया. मनवाचे पाय थरथरत होते, तुझे थरथरत होते तसे. मी वर बघत होतो. सगळ्यांनी श्वास धरला होता.

मग मी थांबलो. ती थांबायची तेवढं.

"से रोम्पिओ," मी तिला सांगितलं.