थेंबाकडे वळणारी पिल्लं

तो दार ढकलून आत आला आणि टाकीतल्या सगळ्या मगरपिल्लांनी एकदम त्याच्याकडे तोंडं वळवली.

"बापरे... ही सगळी माझ्याकडे का बघतायत?"

"तुमच्याकडे नाही," मी म्हणाले. "तुमच्या छत्रीकडे. ती आधी लांब करा!"

छत्रीच्या टोकावरून पाणी टाकीत ठिबकत होतं. टप्... टप्... माझ्या सकाळपासूनच्या प्रयोगावर अक्षरशः पाणी पडलं होतं.

विद्यापीठात मी मगरींवर संशोधन करते. अंधूक खोलीत टाकीत एकच थेंब सोडायचा आणि कोणतं पिल्लू किती लवकर वळतं ते बघायचं. मगरीच्या जबड्यावर बारीक ठिपके असतात. डोळे मिटलेले असले तरी थेंब कुठे पडला, हे तिला त्या ठिपक्यांनी कळतं, असं मी त्याला समजावलं.

"म्हणजे हनुवटीनं ऐकतात?"

चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं... आणि मिटलं. माझ्या कुठल्याही व्याख्यानात इतकं चांगलं वाक्य आलं नव्हतं.

तो चित्रकार होता. शाळकरी मुलांसाठी आम्ही मगरींवर पुस्तक काढत होतो, त्याची चित्रं काढायला आलेला. काम महिन्याभराचं, चाललं सगळा पावसाळा. मांडीवर कागद घेऊन तो टाकीपाशी बसे, मी थेंब सोडत असे. पंपाची घरघर, पाण्यावर डुलणारा पिवळा उजेड, आणि मधूनच त्याची नजर... मी वर पाहिलं की ती लगेच पाण्यात.

"तुमची मगर फार हसरी झालीय," मी चित्र पाहून म्हणाले.

"तिच्या बाई कधी हसत नाहीत. कुणीतरी हसायला नको?"

"मी हसते की!"

"कधी? वेळ सांगून ठेवा, रंग घेऊन येतो."

घरी आई म्हणाली, "हल्ली तुझ्या बोलण्यात मगरी कमी आणि चित्रकार जास्त."

"पुस्तकाचं काम आहे गं."

"हो का? मग छापा एकदाचं."

पुस्तक छापलं. तिथेच तर पंचाईत झाली. लांबच्या शहरातल्या कलाशाळेत त्याला नोकरी मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. ब्रश धुता धुता त्यानं सांगितलं. मी म्हणाले, "अभिनंदन." पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही, आणि त्याच्या मनात काय आहे याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. तो चार पावलं दाराकडे गेला, थांबला... आणि निघून गेला.

शनिवारी पिल्लं नदीत सोडायची होती. आता ती चांगली हातभर झाली होती. चित्र काढायचंय म्हणून तोही आला.

पाण्याच्या कडेला आम्ही पेट्या आडव्या केल्या, झाकणं उघडली. एकेक पिल्लू सरसरत पाण्यात गेलं. शेवटचं मात्र पेटीच्या तोंडाशी अडून बसलं.

"जरा ढकलू?"

"नको. ढकललं की घाबरून उलटं फिरतं. आपण मागे सरायचं आणि वाट बघायची."

"किती वेळ?"

"त्याला हवा तितका."

तो माझ्याशेजारी गवतात बसला. गवताची एक काडी त्यानं बोटाभोवती गुंडाळली. मग हळूच म्हणाला, "मीही तेच करतोय... केव्हापासून."

मला त्याच्याकडे बघवेना. "चित्र काढायला आलात ना? कागद कुठाय?"

"विसरलो."

"आणि पेन्सिल?"

"तीही..." त्याचे कान लालबुंद झाले.

एवढा पुरावा मला पुरे होता.

"सोमवारी जाऊ नकोस," मी म्हणाले.

"कारण?" त्यानं माझ्याकडे वळून विचारलं. "संशोधकांनी कारण द्यायला हवं."

"कारण तू मला हवा आहेस. नुसता टाकीपाशी नाही... घरी, आईसमोर, रोज."

तो हसला. आधी डोळ्यांत, मग सगळाच. "उद्या कळवतो त्यांना, येत नाही म्हणून."

"उद्या रविवार आहे."

"मग आत्ताच!" त्यानं खिशातून फोन काढला, पण दुसरा हात माझ्या हातात होता, आणि तो काही त्यानं सोडवून घेतला नाही. एका हातानं त्याला एकही आकडा धड दाबता येईना. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत राहिलो.

नंतर वळून पाहिलं, तर पेटी रिकामी. शेवटचं पिल्लू पाण्यात कधी उतरलं, ते मी पाहिलंच नव्हतं.